गुलाबी पाणी येईपर्यंत

थंडीआधी ट्रेलरमधलं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरातलं, पाणी बाहेर काढणं म्हणजे जुन्या भाडेकरूकडून खोली रिकामी करून घेणं. 'निघालोच' म्हणतं आणि कुठल्या तरी वाकणात ठाण मांडून बसतं. पारा शून्याखाली गेला की तेच पाणी गोठतं, सुमारे ९ टक्के फुगतं आणि पंपाची गाळणी नाहीतर नळाचं बूड तडकवतं. वर हे सगळं थंडीभर गुपचूप. पुढच्या मोसमात पाणी जोडलं आणि पायमोजे भिजले की मगच उलगडा होतो.

टाक्या रिकाम्या करण्याबद्दल मी फार बोलत नाही. स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि तिसरी ती. हातमोजे घाला, एवढं पुरे.

खरा मानकरी गिझर. वीज, गॅस आणि पंप बंद करून तो पूर्ण गार होऊ द्यायचा, वरची सेफ्टी झडप उघडून दाब सोडायचा आणि मगच तळाचं बूच फिरवायचं. हा क्रम ज्याला जाचक वाटतो, त्याला गरम पाण्याची अंघोळ बाहेर उभ्या उभ्या, कपड्यांसकट मिळते. स्टीलच्या टाकीत बहुधा बुचालाच एक दांडी असते. टाकीऐवजी तिने गंजावं म्हणून तिची नेमणूक. बाहेर येते ती उंदरांनी कुरतडलेल्या खडूसारखी. पाऊण झिजली असेल तर नवी बसवा. बिचारीने काम चोख केलंय.

मग खालच्या निचऱ्याच्या दोन नळ्या, गरम आणि थंड पाण्याच्या, उघडून रिकाम्या झाल्या की पुन्हा बंद करायच्या. फिल्टर काढायचा. गिझरचा बायपास, म्हणजे पाण्याला गिझर टाळून जायची वाट, मात्र विसरायचा नाही. तीन झडपा असतील तर आत-बाहेरच्या दोन बंद, मधली उघडी. एरवी २ ते ३ गॅलन गुलाबी अँटीफ्रीझमध्ये, म्हणजे पाण्याच्या जागी नळ्यांत भरायच्या न गोठणाऱ्या द्रवात, सगळं भागतं. बायपास राहिला तर ६ गॅलनचा गिझर आधी स्वतःचं पोट भरतो आणि आपण गरम नळापाशी आशाळभूतपणे उभे.

अँटीफ्रीझ ट्रेलरच्या पाण्यासाठीचं, प्रोपिलीन ग्लायकॉलचंच हवं. गाडीच्या इंजिनातलं बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे विष. आणि कृपा करून पाणी घालून 'पुरवठ्याला' आणू नका.

पंपाची ओढनळी अँटीफ्रीझच्या डब्यात बुडवायची, पंप सुरू करायचा आणि जवळच्या नळापासून एकेक तोंड उघडायचं: थंड, मग गरम, धार गुलाबी होईपर्यंत. संडासाचं पेडलही दाबायचं. बाहेरचा शॉवर तर हमखास राहतो. झाकणाआड असतो ना. प्रत्येक मोरीच्या वाकड्या पाइपात कपभर ओतायचं.

कॉम्प्रेसरवाले म्हणतात, 'हवेने फुंकलं की झालं.' फुंका, पण दाब ४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आत ठेवा; आणि मोरीच्या त्या पाइपांतलं पाणी नळातल्या हवेला दाद देत नाही, तिथे गुलाबी कपाला पर्याय नाही.

शेवटी बाहेरची पाणी जोडायची जागा. पंप बंद करून, नळ उघडून दाब सोडायचा, तिथली जाळी काढायची आणि पंप पुन्हा सुरू करून आतली एकमार्गी झडप काडीने अलगद दाबायची. थोडं गुलाबी बाहेर आलं की काम झालं. 'आलं का?' म्हणून वाकून पाहू नका. येतं, आणि नेमकं चष्म्यावर येतं.