लिटरभर जास्त ऑईल ओतून इंजिन वाचत नाही

हौशी रेसिंगला किंवा ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) पहिल्यांदा गाडी उतरवणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "लिटरभर ऑईल जास्त ओत, एक ग्रेड जाड घे, लाल दिवा लागत नाही तोवर बिनधास्त पळव. बॅफल, अ‍ॅक्युसंप, ड्राय संप हे सगळे पैसे उकळायचे धंदे." (ही तिन्ही वळणात पंपाला ऑईल मिळत राहावं म्हणूनची साधनं.) यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्याच्या जोरावर बाकीचं खपून जातं.

तर आधी जास्त ऑईलचं बघू. लांब वळणात गाडी 1 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाइतका, बाजूचा जोर झेलत असेल, तर चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यातल्या) ऑईलची पातळी सरळ 45 अंशांनी कलते. समजा चेंबर 24 सेंटिमीटर रुंद, सपाट तळाचा आहे आणि पिकअपची (पंप ज्यातून ऑईल ओढतो त्या नळीची) जाळी मधोमध आहे. चालू इंजिनात बरंचसं ऑईल हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आणि वाटेत अडकलेलं असतं. खाली 3 सेंटिमीटर खोलीचं उरलं असेल, तर ते एका भिंतीपासून 12 सेंटिमीटरपर्यंतच पसरतं, म्हणजे नेमकं जाळीशी संपतं. पुढचा घोट हवेचा. वळण जितकं लांब, तितका वेळ पंप हवाच ओढणार.

या हिशोबात जास्तीच्या ऑईलने थोडी सवलत मिळते, हे मान्य. काही इंजिनांत अर्धा लिटर जास्त ठेवणं चालतं आणि उपयोगीही पडतं. पण बऱ्याच गाड्यांच्या डिपस्टिकवर किमान आणि कमाल खुणांमधलं अंतरच साधारण लिटरभराचं असतं. कमाल खुणेच्या वर आणखी लिटर ओतलं की पातळी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) वजनांपर्यंत चढू शकते. मग क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ऑईल तापतं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) जातं. फेसाळ ऑईलने जाळी बुडालेली असली तरी बेअरिंगला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या आधाराला) मिळते ती निम्मी हवाच. ऑईल किती आहे यापेक्षा ते त्या क्षणी कुठे आहे, हा खरा प्रश्न, आणि लिटरभर ओतणं त्याला जेमतेम शिवतं.

जाड ग्रेडचा मुद्दा त्याहून कच्चा आहे. 100 अंश सेल्सियसला 40 ग्रेडचं ऑईल 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्सचं (ऑईलच्या जाडीचं एकक), तर 50 चं 16.3 ते 21.9 चं. ट्रॅकवर ऑईल खूपच तापत असेल तर एक पायरी वर जाण्यात अर्थ आहे, पण ते तापमानावरचं औषध झालं. जाड ऑईल हेडमधून खाली उतरायला वेळ लावतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा चेंबर आणखी रिकामा. गेजवर प्रेशर वाढलेलं दिसतं, कारण वाहायला अडथळा वाढला. त्यावरून बेअरिंगला जास्त ऑईल पोहोचतंय असं समजू नका. शिवाय जाळीवर ऑईलच नसेल तर ग्रेड कोणतीही असो, पंपाला त्याचं काय?

ऑईल प्रेशरच्या लाल दिव्यावरचा भरवसा मात्र इंजिन खातो. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारला लागतो. 6000 आरपीएमला साधारण 4 बार प्रेशर हवं, ही जुनी ढोबळ फूटपट्टी. म्हणजे 4 वरून 1 वर आलं तरी दिवा गप्प. आणि प्रेशर दोनच सेकंद पडलं, तरी 7000 आरपीएमला तेवढ्यात क्रँक 233 फेरे मारतो. बेअरिंगमधला ऑईलचा थर शाफ्टच्या फिरण्याने तयार होतो, पंप फक्त पुरवठा राखतो. पुरवठा तुटला की पहिला बळी बहुधा कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा, कारण ऑईल तिथे मेन बेअरिंगवरून, क्रँकमधल्या भोकांतून पोहोचतं आणि वरच्या आरपीएमला पिस्टनचे हिसके तिथेच बसतात. पोर्शे 944 मध्ये ट्रॅकवर दोन नंबरच्या रॉडचं बेअरिंग जाणं इतकं ओळखीचं आहे की मालक आधी त्याचीच चौकशी करतात.

"गाडी चालवत घरी आणली, काही झालं नाही" हे उत्तर इथेच येतं. पण बेअरिंगची झीज साठत जाते. ऑईल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडा. चकाकी दिसली आणि ती चुंबकाला चिकटत नसेल, तर शंका बेअरिंगवर घ्या.

आता धंद्याचा आरोप. ड्राय संप (चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ऑईल ठेवून तिथून पंपाला देणारी रचना) महाग आहे आणि बहुतेक हौशींना लागत नाही, एवढं खरं. पण पोर्शेने 911 ला तो सुरुवातीपासून दिला, आणि 2006 च्या कॉर्व्हेट झेड-06 मध्येही तो कारखान्यातूनच आला. या कंपन्यांनी तो काही हौसेखातर बसवला नाही. त्याच्या कितीतरी आधीची पायरी म्हणजे बॅफल: चेंबरमध्ये आडवे-उभे पत्रे आणि जाळीकडेच उघडणारी छोटी दारं, म्हणजे ऑईल जाळीपाशी येऊ शकतं, सहजी पळून जात नाही. काम साधं, पण निष्काळजीपणे केलं तर घातक. सीलंट जास्त लावलं तर सुटलेले तुकडे जाळीत अडकतात, आणि जाळी व तळ यांच्यात साधारण 6 ते 10 मिलिमीटर अंतर राहिलंय ना, हे मोजायचं असतं.

अ‍ॅक्युसंप म्हणजे इंजिनाबाहेरचा एक सिलिंडर: आतल्या सरकत्या पिस्टनच्या एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला साधारण 1 ते 3 लिटर ऑईल. इंजिनातलं प्रेशर पडलं की तो काही सेकंद पुरवठा करतो. एकामागून एक लांब वळणं आली तर पुन्हा भरायला वेळ मिळत नाही, म्हणून तो बॅफलच्या जोडीला ठेवायचा, बदली नव्हे. इंजिन चालू असतानाच त्याची कॉक बंद केली नाही, तर इंजिन बंद करताना सगळं ऑईल चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिक खोटं सांगते.

आणि यातलं काहीही विकत घेण्याआधी प्रेशर सेन्सर आणि डेटा लॉगर (आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र) लावा. प्रेशर व बाजूचा जी एकाच आलेखावर घ्या. प्रत्येक लॅपला त्याच वळणात प्रेशर खाली येत असेल, तर रोग सापडला. बॅफल बसवून पुन्हा त्याच वळणाचा आलेख काढा, तरीही खड्डा उरला तर अ‍ॅक्युसंपचा विचार करा. टायर बदलून जास्त पकडीचे घेतले, तर हे सगळं पहिल्यापासून तपासा: कालपर्यंत पुरेसा असलेला चेंबर वाढलेल्या जीला पुरेलच असं नाही.