‘४५ हजार पंथ’ आणि आमच्या घरातले दोन

जानेवारी आला की आमच्या ठाण्यातल्या ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा उगवतो. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा, त्याचाच मुहूर्त साधून. मजकूर थोडक्यात असा: ख्रिस्त्यांचे ४५ हजार पंथ आहेत, कोणी कोणाचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) मानत नाही, ऐक्य आजवर कुठे झालेलं नाही, आणि त्याच्या गप्पा म्हणजे सगळ्यांना पोपच्या छत्रीखाली ओढायचा डाव. मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातला, बायको वसईची कॅथलिक. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क पोहोचतो.

४५ हजार हा आकडा हवेतला नाही, पण मोजलाय कसा ते कोणी सांगत नाही. त्या मोजणीत देश बदलला की पंथ नवा धरतात. कॅथलिक चर्च भारतात एक, नेपाळात दुसरं, श्रीलंकेत तिसरं. पोप तोच, मिस्सा (चर्चमधली उपासना) तीच. या हिशेबाने स्टेट बँकेच्या जितक्या देशांत शाखा, तितक्या बँका म्हणायच्या! स्वतंत्र मंडळ्याही हजारोंनी आहेत, ते मात्र खरं.

बाप्तिस्म्याचं तर सरळच चुकीचं. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. आमच्या लग्नाआधी फादरांनी माझा दाखला मागितला. गावाकडच्या मंडळीतला, पाळकांच्या सहीचा, घडीवर फाटलेला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, फायलीला लावला, विषय संपला. तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानणारे बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आहेत. तिथला मतभेद मी नाकारत नाही.

पण ऐक्य कुठेच झालं नाही? नागपूरला झालं की! २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, होते, बॅप्टिस्टही होते. तान्ह्याला बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे. दोन्ही रीती ठेवल्या. (मेथडिस्टांचा एक मोठा गट ऐन वेळी बाहेर राहिला, तेही सांगायला हवं.) दक्षिणेत असंच १९४७ मध्ये झालं होतं. बिशप हेबरने १८२५ मध्ये समर्पित केलेलं आपल्या ठाण्याचं सेंट जेम्स चर्च, मुळात इंग्रज साहेबांचं, आज याच सीएनआयमध्ये आहे.

यात पोप कुठे आला? जिथे रोम, म्हणजे पोपचं कॅथलिक चर्च, खरंच होतं, तिथेही कोणी कोणाला गिळलं नाही. ज्या वादावरून ल्यूथरच्या काळात युरोप फाटला, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, त्यावर १९९९ मध्ये ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी एकाच कागदावर सह्या केल्या. सही करून ल्यूथरन ल्यूथरनच राहिले.

खरी दुखरी जागा मेसेजवाल्यांना सापडलेलीच नाही. ती आहे प्रभूच्या मेजाशी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर घेण्याच्या विधीत. कॅथलिक त्याला कम्युनियन म्हणतात, आम्ही प्रभुभोजन. रविवारी बायकोबरोबर मिस्साला गेलो की कम्युनियनच्या रांगेच्या वेळी मी गुडघे आडवे करून बाकावरच्या बाकीच्यांना वाट देतो. बाप्तिस्मा चालतो, लग्न चालतं, ती भाकर मात्र मला नाही. आमच्याकडे प्रभुभोजन असलं की बायको तशीच बसून राहते. मिस्साला ती रांगेतून परत येते, मी सरकून जागा करतो. यावर कोणी मेसेज लिहिला, तर मी स्वतः तो पुढे पाठवीन.