थिनर ओतून पीयूसी पास होत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. 'पीयूसीत गाडी फेल? घाबरू नका. १) सेंटरवाले मुद्दाम फेल करतात, दुसरीकडे जा. २) टाकीत अर्धा लिटर थिनर ओता. ३) धूर दिसत नाही, चेक इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणजे इंजिन ठणठणीत. ४) तरी फेल झाली तर कॅट गेला, तो काढून सरळ पाइप लावा.' खाली 'जनहितार्थ'. (कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा.) माझं कळव्याला गॅरेज आहे. हे जनहित महिन्यातून दोन-तीनदा मलाच निस्तरावं लागतं, म्हणून लिहितोय. पेट्रोल गाड्यांपुरतंच, डिझेलची धुराची टेस्ट वेगळी.

'सेंटरवाले मुद्दाम फेल करतात.' मशीन चुकत नाही असं मी म्हणणार नाही. पण ते चुकतं कसं, ते बघा. मशीनच्या नळीला चीर असली किंवा प्रोब, म्हणजे धूर ओढून घेणारं तिचं टोक, सायलेन्सरच्या तोंडाशीच लटकवलं, तर बाहेरची हवा मिसळते आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड), एचसी (न जळलेलं पेट्रोल) यांचे आकडे खाली येतात. म्हणजे असलं मशीन खराब गाडी पास करण्याची शक्यता जास्त. चांगली गाडी फेल होण्याचं नेहमीचं कारण असतं गार इंजिन. बिल्डिंगमधून काढून दोन मिनिटांत कोपऱ्यावरच्या सेंटरला नेली, तर कॅट तापलेलाच नसतो, आणि अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली तो फारसं काम करत नाही. वाशीहून पामबीचने बेलापूरपर्यंत जाऊन या आणि इंजिन बंद न करता टेस्टला लावा. तरीही फेल झाली तर सेंटर बदलण्यापेक्षा हातातली स्लिप वाचा.

स्लिप म्हणजे निम्मं निदान असतं. बीएस-४ आणि बीएस-६ (हे प्रदूषणाचे सरकारी निकष) पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, सीओची मर्यादा ०.३ टक्के, एचसीची २०० पीपीएम. २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, अचूक असेल तर १) ०.९७ ते १.०३. आता नुसता सीओ चढलाय आणि एचसी ठीक आहे, तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर. एचसी चढलाय आणि सीओ कमी, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये. आधी प्लग आणि त्याला ठिणगी पुरवणारी कॉइल बघा. सीओ झकास, पण लॅम्डा १.०८? बहुतेक वेळा सायलेन्सरच्या सांध्यातून हवा आत शिरतेय. इंजिन चालू ठेवून मागच्या तोंडाला जाड फडकं दाबून धरा, पुढे कुठेतरी फुस्स ऐकू येईल. गॅस्केट बदललं की काम संपलं.

'थिनर ओता.' ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करत असतो. थिनरने जे काही बदलेल ते तो पुन्हा जुळवून घेणार. सेन्सरच खोटं बोलत असेल तर थिनर टाकूनही तो तेच खोटं बोलेल. फायदा नाही तो नाहीच, वर पंपाचे आणि इंजेक्टरचे रबरी सील खराब होण्याची भीती.

'धूर नाही, दिवा नाही.' सीओला ना रंग ना वास, त्यामुळे डोळ्यांनी बघून काहीच कळत नाही. दिव्याचं सांगतो. वर्तकनगरच्या एका काकांची बीएस-४ गाडी आली: सीओ ०.९, एचसी मर्यादेत, दिवा बंद. काका म्हणाले, "अरे, सर्व्हिसिंग आत्ताच झालंय." प्लग पाहिले, काळी काजळी. मग घोडबंदर रोडला चालवायला घेतली, तर तापमानाचा काटा तळ सोडायला तयार नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याचं झाकण उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी तापली होती तेव्हा कुणीतरी 'आपल्याकडे थंडी कुठंय, हा लागतो कशाला' म्हणून काढून टाकलेला. पाणी गारच राहतं, ईसीयूला वाटतं इंजिन अजून तापायचंय, आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडून उघडतो का ते काकांना दाखवलं, मग बसवला. सीओ ०.०८ वर आला. ज्याने तो काढला त्याने गाडी तापण्याचं खरं कारण, गळका रेडिएटर, तसाच ठेवला होता, तेही करावं लागलं.

'कॅट काढून सरळ पाइप लावा.' इंजिनातून निघालेल्या कच्च्या धुरात सीओ सहसा ०.३ च्या वरच असतो, मग इंजिन कितीही चांगलं असो. कॅट काढून बीएस-४ गाडी पास होईल कशी? पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तो वेगळाच. आणि कॅट आपसूक मरत नाही. मिसफायर होणाऱ्या, म्हणजे नीट न पेटणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. घणसोलीच्या एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून नवा कॅट बसवून घेतला होता. वर्ष व्हायच्या आत पुन्हा फेल. तीन नंबरच्या कॉइलला केसाएवढी चीर होती, अंधारात बॉनेट उघडलं की निळी ठिणगी बाहेर उडताना दिसायची. पहिला कॅट गेला तेव्हा ती कुणी बघितलीच नव्हती. ते दोन्ही कॅट माझ्या बाकाखाली पडलेत. हलवले की खुळखुळ्यासारखे वाजतात.