ऊन रजेवर

धुळ्यात मे महिन्यात कुणी ‘आमच्या भिंतीवर ऊन येत नाही’ म्हणालं, तर लोक त्याच्या डोक्यावर ओला पंचा टाकतात आणि खिशात कांदा ठेवतात. माझ्यावर दोन्ही प्रयोग झाले.

दिवाळीनंतर हौसेनं दक्षिणेच्या भिंतीवर सूर्यघड्याळ केलं. सावली पाडणाऱ्या सळईचा भिंतीशी कोन म्हणजे नव्वद अंशांतून गावाचा अक्षांश वजा. लंडनला तो साडेअडतीस येतो, आपल्याकडे एकोणसत्तर. म्हणजे सळई जवळजवळ आडवी. गवंड्यानं विचारलं, “भाऊ, यावर कुंडी टांगायची का?”

डिसेंबरात साडेदहा तास सावली फिरली. मोबाइलपेक्षा अर्धा तास मागे, पण ते अपेक्षितच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, धुळं पावणेपंचाहत्तरच्या आसपास, आणि एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं. हे बायकोला समजावलं. “तुम्ही केलंय म्हटल्यावर मागेच असणार,” ती म्हणाली.

२१ मार्चला पूर्ण बारा तास मिळाले आणि मी गल्लीत पेढे वाटले. घाई झाली. त्यानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवायला लागला, म्हणजे घराच्या पाठीमागे. तिथून वळसा घालून दक्षिणेला यायला त्याला रोज जास्त वेळ. १५ मेला जेमतेम साडेतीन तास. तेही भिंतीला घासून जाणारं ऊन, आकडे ओळखू येईनात. लंडनच्या भिंतीला ऐन जूनमध्येही नऊ तास ऊन मिळतं, कारण तिथला सूर्य भरदुपारी दक्षिणेलाच असतो. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि मग दुपारचा सूर्यसुद्धा उत्तरेला सरकतो. जुलैच्या मध्यापर्यंत दक्षिण भिंतीला एक मिनिट ऊन नाही.

पारा ४४ वर, डांबर चपलेला चिकटतंय, आणि माझं घड्याळ सावलीत!

शेजारच्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, “भाऊ, घड्याय बंद पडनं का? नवा सेल टाकी देखा!”

उत्तरेच्या भिंतीवर दुसरं करावं म्हणून मी टेप घेऊन मागे गेलो. तिकडे शेजाऱ्यांची भिंत हातभर अंतरावर.

परत आलो तर सळईला चिमट्यानं बायकोची नवी जांभळी साडी लावलेली, पार भिंतीला चिकटवून.

“अगं, हे घड्याळ आहे!”

“जुलैपर्यंत नाही ना? मग वाळू द्या. इथं रंग उडत नाही.”