मेसेज करणारं पोरगं आईला टाळतं म्हणे!

आमच्या मोठ्याईनं पोराच्या मेसेजला उत्तर देणं बंद केलं. पोरगा चाकणला कंपनीत, ती दारव्हा तालुक्यातल्या गावी. काऊन म्हणून विचारलं तर तिनं मोबाईलच पुढं केला. गावच्या ग्रुपवर फिरणारा लांबलचक मजकूर होता: मेसेजमुळं मराठी मरत आहे, युनेस्कोनं तसं जाहीर केलंय, पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात म्हणून देवनागरी संपणार, तोडक्या शब्दांनी मुलांचा मेंदू मंद होतो असं परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘ज्याला तुमची किंमत आहे तो फोन करेल, मेसेज करणारा तुम्हाला टाळतो.’ खाली जोडलेले हात.

युनेस्कोचं आधी उरकतो. त्यांच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात मराठी नाहीच. २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली आहे. त्या नकाशात आहे ती आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातली, जळगाव जामोदकडची निहाली. बोलणारे उरले दोन-अडीच हजार. शाळा, बाजार, मजुरी, सगळीकडं दुसऱ्याच्या भाषेत बोलावं लागतं म्हणून ती आटली, मोबाईलनं नाही. तिच्यासाठी कोणी हात जोडून मजकूर फिरवलेला मी तरी पाहिला नाही.

इंग्रजी अक्षरांचं खापर पोरांवर फोडणाऱ्यांनी जुने एसएमएस आठवावे. इंग्रजीत लिहिलं तर एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावायची. देवनागरीत मर्यादा ७०, आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं सुटं मोजलं जायचं. ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकटा शब्द १५ जागा खातो. असे पाच शब्द लिहिले की दुसऱ्या मेसेजचे पैसे. मग लोक काय करतील? आता कीबोर्डवर देवनागरी आहे आणि पोरं ती वापरतातही. ‘येऊन रायलो’, ‘कुठी हायेस’ असं वऱ्हाडी, ज्याच्यावर शाळेत लाल रेघ पडायची, ते आता रोज लिहिलं जातं. भाषा मरते ती अशी?

तोडक्या शब्दांचं तर हसू येतं. ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ लिहिणाऱ्या आणि पत्ता मु. पो. ता. जि. मध्ये उरकणाऱ्या आपल्या आज्यांचा मेंदू मंद होता काय? आणि परदेशी शास्त्रज्ञच पाहिजेत तर घ्या. ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वूड यांचा सहकाऱ्यांसोबतचा २००९ चा अभ्यास आहे. १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांकडून मेसेज लिहून घेतले, तर तोडके शब्द जास्त वापरणाऱ्यांचं शब्दवाचन सरस निघालं. शब्दातला आवाज नीट ओळखता आल्याशिवाय तो तोडता येत नाही, हे त्यामागचं एक कारण. मुलं इंग्रजी भाषक होती, कबूल. पण ‘सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्यानं तेवढाही पुरावा दिलेला नाही.

आता तो ठळक अक्षरांतला शहाणपणा. संताप आहे तो याचाच. माझ्या चुलतभावाचा मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा होतो. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत हातात येतो, तेव्हा इकडं गाव झोपलेलं. फोन करून मायला दचकवायचं काय? आपल्याकडं अपरात्री फोन वाजला की आधी कोण गेलं हेच मनात येतं. म्हणून तो लिहितो. त्याच ‘टाळणाऱ्या’ पोराचा मोठ्याईच्या मोबाईलमधला मेसेज मी वाचला: ‘लाईन रात्रीची हाये ना या हप्त्यात? बाबाले म्हणा बॅटरी घेऊन जा ओलिताले. बूट घाला. किरडू-साप पायजा.’ दुसरा त्याच्या खाली: ठेकेदार पुढच्या महिन्यात काही जणांना कमी करणार, त्यात माझंही नाव असेल, बाबाले आत्ता सांगू नको. हे तो फोनवर बोलला असता? तिकडं खोलीत पाच-सहा पोरं, इकडं मोठ्याईचा फोन स्पीकरवर आणि ओसरीवर अर्धी आळी. फोनवर दोघं ‘जेवला काय’, ‘पाणी आलं काय’ एवढंच बोलतात. पोटातलं जे होतं ते त्यानं लिहिलं, आणि नेमकं त्यालाच उत्तर गेलं नाही, कारण कोण्या रिकामटेकड्यानं तिला किंमत मोजायला शिकवलं.

शिवाय आमच्या शिवारात नाल्यापलीकडं आवाज तुटतो. मेसेज थांबून राहतो, धुऱ्यावर रेंज आली की पोचतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. मौतीला ‘भा. पू. श्र.’ टाकून मोकळं होणं वाढलं आहे, शेजारच्या गावचे सोयरेसुद्धा तेच करतात. तिथं मेसेज चालत नाही. तिथं एसटी पकडा आणि जाऊन बसा.