‘मेळावा म्हणजे वर्गणी’ या आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कॉलेजांनी माजी विद्यार्थ्यांना गॅदरिंग, वार्षिकांक, एकांकिका, क्रीडा महोत्सव अशा चालू गोष्टींशी जोडून ठेवावं, असं मूळ लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: माजी विद्यार्थी संघ नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) समिती यायच्या आधी जागा होतो आणि एरवी वर्गणीपुरता उरतो. संपर्काला व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. परंपरा आत्ताच्या मुलांच्या आहेत, जुन्यांनी लुडबूड करू नये. हे सगळं आयआयटीला शोभतं, तालुक्याच्या कॉलेजला नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आमच्याकडे जुन्या मुलांची यादीच नाही, मग सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात वजनदार आक्षेप लुडबुडीचा आहे, म्हणून आधी तो घेतो.

परंपरा आत्ताच्या मुलांच्या आहेत हे मान्य. पण पदवी साधारण तीन वर्षांची असते. पहिल्या वर्षी मूल बघतं, दुसऱ्या वर्षी हाताखाली काम करतं, तिसऱ्या वर्षी चालवतं आणि निघून जातं. ही साखळी किती नाजूक आहे ते करोनाने दाखवलं. २०२० साली प्रवेश घेतलेल्या मुलांनी पहिली दोन वर्षं गॅदरिंग जवळजवळ पाहिलंच नाही आणि तिसऱ्या वर्षी त्यांनाच ते उभं करायचं होतं. मंडप कुणाकडून घ्यायचा, पोलीस ठाण्यात अर्ज कधी द्यायचा, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो म्हणून कार्यक्रमाच्या वेळा दहापासून मागे कशा मोजायच्या, हे सांगणारं वर्गात कुणी नव्हतं. सांगू शकणारे होते ते २०१९-२० च्या आधी बाहेर पडलेले. ज्या कॉलेजांकडे त्यांचे नंबर होते त्यांचं काम सोपं झालं. बाकीच्यांनी नव्याने सगळं शोधलं, किंवा एखादा कार्यक्रम कायमचा गळून पडला.

पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा बोट क्लब आणि त्यांची रेगाटा, म्हणजे नदीवरचा होड्यांचा सोहळा, पाहा. नदीच्या पाण्यावर बोटींची बाणाच्या आकाराची रचना, मशाल नृत्य, कयाक या छोट्या होडीचे प्रकार हे कागद वाचून येत नाही. होडी कशी धरायची, ओळ कुठे तुटते, पाण्याला ओढ असेल तर रचना किती आधी वळवायची, हे शेजारी बसून शिकवणारा लागतो. तो कधी एक वर्ष पुढचा असतो, कधी दहा वर्षं. पुरुषोत्तम करंडकाचंही तेच. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आहे आणि भरत नाट्य मंदिराच्या प्रेक्षागृहात ‘आव्वाज कुणाचा’ घुमतो तेव्हा त्यात आत्ताच्या मुलांइतकेच पास होऊन गेलेले असतात.

लुडबूड होते ती मात्र खरी, आणि ती कशी होते हे नेमकं पाहायला हवं. प्रयोगाला आठवडा उरलेला असताना पाच जुने लोक तालमीला येतात आणि पाच जण पाच वेगळ्या सूचना देतात, त्याही थेट नटांना. दिग्दर्शक बावीस वर्षांचा असतो, त्याला समोरच्या सीनियरला ‘थांबा’ म्हणता येत नाही. दोन दिवसांत नट कुणाचंच ऐकेनासे होतात. यावर उपाय जुन्यांना बंदी करणं हा नाही. त्यांच्या येण्याला चौकट घालायची. एका एकांकिकेला जास्तीत जास्त तीन माजी विद्यार्थी, प्रत्येकाकडे एकच खातं: संहिता, नेपथ्य, प्रकाश. भेटी तीनच. पहिलं वाचन झाल्यावर एक, हालचाली बसल्यावर एक आणि रंगीत तालमीच्या किमान चार दिवस आधी एक. रंगीत तालमीला सगळ्यांनी यावं, पण त्या दिवशी सूचना नाहीत. एरवी सूचना फक्त दिग्दर्शकाला, तालीम संपल्यावर. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते तोच ठरवणार. बाहेरच्या माणसाची मदत कितपत चालते, याबद्दल प्रत्येक स्पर्धेचे नियम निराळे असतात, तेव्हा प्रवेशिका भरण्यापूर्वी ते वाचून घ्यावेत. हीच चौकट थोड्या फरकाने कबड्डीच्या संघाला आणि वार्षिकांकाच्या संपादक मंडळालाही लागू पडते.

याच्या जोडीला प्रत्येक उपक्रमाची एक वही हवी. कार्यक्रम संपल्यावर पंधरा दिवसांत, पोरं अजून सापडतात तोवर, ती भरून घ्यायची: तारखा, परवानग्या आणि त्यांना लागलेले दिवस, कुणाकडून काय घेतलं, किती रुपये दिले, काय फसलं. ‘काय फसलं’ हा रकाना रिकामा ठेवलेली वही स्वीकारू नये. शेवटच्या पानावर तीन माजी विद्यार्थ्यांची नावं आणि नंबर, त्यांच्या परवानगीने.

आता नॅक. नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत पाचव्या निकषात ५.४ हा माजी विद्यार्थी सहभागाचा भाग होता आणि त्यात नोंदणीकृत संघ आहे का, असा प्रश्न असायचा. त्यामुळे पुष्कळ संघ त्या उत्तरासाठी जन्माला आले, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली सात सदस्य पुरतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, फोटो निघतो, बँकेत खातं उघडतं. तीन वर्षांनी अध्यक्ष बंगळुरूला आणि खजिनदार दुबईला. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, तो कुणी देत नाही. कागदोपत्री जुनीच मंडळी राहतात, बँक नव्यांच्या सह्या घेत नाही आणि खात्यातले पैसे अडकतात. दरवर्षीचं लेखापरीक्षणही मग थांबतं. म्हणून सात जणांत किमान चार गावातले घ्या. खात्यावर तिघांच्या सह्यांची नोंद आणि कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार, आणि त्या तिघांतले दोघे कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर राहणारे असावेत. मोठ्या हुद्द्याचं नाव हवंच असेल तर ते सल्लागार म्हणून घ्या.

नॅकच्या पलीकडे एक दार आहे, ते फार कमी लोक ठोठावतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावरच्या चार स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावरही (आयक्यूएसी) माजी विद्यार्थ्याची एक जागा असते. या खुर्च्यांवर कोण आहे हे प्राचार्यांना विचारा. नाव असतं, माणूस बैठकीला येत नाही, असं बऱ्याच ठिकाणी आढळेल. शिवाय विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा प्रतिनिधी निवडले जातात. तुमच्या कॉलेजच्या किती पदवीधरांनी ही नोंदणी केली आहे? विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची नोंदणी वेगळी, ही वेगळी. संघाने बाकी काही नाही तरी दर निवडणुकीआधी या नोंदणीचे अर्ज भरून घेतले तरी विद्यापीठात आपलं म्हणणं मांडणारं माणूस मिळतं.

वर्गणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं पैसे मागूच नयेत. आधी वेळ मागावा, तोही नेमका. ‘कॉलेजसाठी काहीतरी करा’ याला कुणी उत्तर देत नाही. ‘तिसऱ्या वर्षाच्या बारा मुलांच्या सराव मुलाखती, शनिवारी दोन तास, फोनवरून’ याला देतात. नंतर पैसे घ्याल तेव्हा कामही तसंच नेमकं असावं. समजा पाच लाखांचा निधी जमला आणि सात टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला पस्तीस हजार येतात. बारा-बारा हजारांच्या दोन शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि उरलेले अकरा हजार मुदलात टाकावेत, नाहीतर दहा वर्षांनी त्या बारा हजारांत एका सत्राची खानावळही भागणार नाही. देणगी मुदलात ठेवायची असेल तर देणाऱ्याकडून तसं लेखी घ्या. पावतीबरोबर पॅन घ्या. ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे मेळाव्याच्या टेबलावर ठळक लिहून ठेवा.

परदेशातल्या मित्रांच्या बाबतीत तर आधी विचारावं आणि मग पैसे घ्यावेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने तिकडच्या स्वतःच्या बचतीतून पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असूनही ती परकीय देणगी ठरते आणि परकीय देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारणं बेकायदेशीर आहे. त्या नोंदणीला साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. छोट्या संघाला हे झेपत नाही. अशा मित्रांकडून सराव मुलाखती घ्या, अर्ज तपासून घ्या. त्याला कुठली परवानगी लागत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. बॅचचा ग्रुप बॅचच्या गप्पांना उत्तम आहे, तो असू द्या. पण एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात, तो बहुधा एकाच ॲडमिनच्या भरवशावर चालतो, सुप्रभातांमध्ये निवेदन बुडतं आणि निवडणुका आल्या की निम्मे जण निघून जातात. संघाचा ग्रुप फक्त निवेदनांचा ठेवा, जिथे ॲडमिनच लिहू शकतात, आणि महिन्यात दोनपेक्षा जास्त संदेश टाकू नका. यादी मात्र ग्रुपात राहत नाही, ती वेगळी लागते.

तेव्हा यादी. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या कार्यालयात आणि ग्रंथालयातच आहे. जनरल रजिस्टरमध्ये नाव, गाव, प्रवेशाची आणि दाखला नेल्याची तारीख असते. ग्रंथालयात वार्षिकांकाचे जुने अंक बांधून ठेवलेले असतात, त्यात एनसीसी, एनएसएस, कबड्डी, वक्तृत्व यांचे फोटो आणि खाली ओळीने नावं. रजिस्टरवरून माणूस कळतो, वार्षिकांकावरून तो कशाला येईल हे कळतं. म्हणून यादीत ‘कॉलेजात काय करत होता’ हा रकाना घाला, पदवीच्या रकान्यापेक्षा तो जास्त कामाला येतो. मुलींचं प्रवेशाच्या वेळचं नाव आणि आत्ताचं नाव असे दोन रकाने ठेवा. हे न केल्यामुळे निम्म्या मुली कुणाला सापडत नाहीत आणि मग ‘मुली मेळाव्याला येत नाहीत’ असं म्हटलं जातं. बिल्ल्यावरही आधी माहेरचं नाव मोठ्या अक्षरात हवं. ‘उत्तीर्ण वर्ष’ विचारू नका, ‘पहिलं आणि शेवटचं वर्ष’ विचारा. पदवी अर्धवट सोडलेला आणि फक्त अकरावी-बारावी केलेलाही आपलाच. ईमेल कंपनीचा नको, नोकरी बदलली की तो मरतो. नंबर कशासाठी वापरणार हे फॉर्मवर लिहून संमती घ्या, आणि ती यादी क्लासवाल्याला किंवा विमा एजंटला गेली तर पुन्हा कुणी नंबर देणार नाही. फॉर्म संघाच्या ईमेल खात्यातून बनवा. एखाद्या सरांच्या खासगी खात्यातून बनवला तर सर निवृत्त झाले की यादीही निवृत्त होते.

प्रत्येक बॅचला दोन प्रतिनिधी पुरतात. एक गावात राहणारा, आणि दोघांत एक बाई असलीच पाहिजे.

तालुक्याचं कॉलेज म्हणून तुम्ही हात झटकता ते मला अजिबात पटत नाही. मोठ्या संस्थेचे विद्यार्थी जगभर पांगतात, तुमचे बरेचसे वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात आहेत: शाळेतल्या बाई, पतसंस्थेचा व्यवस्थापक, औषध दुकानदार, रोपवाटिकावाला, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट. रसायनशास्त्राच्या मुलांना कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक दिवस उभं करणं हे त्या केमिस्टच्या एका फोनवर होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. त्या वाटेने शिकलेले लोक साताऱ्या-सांगलीत गावोगाव आहेत. त्यांना कॉलेजात बोलवायला विमानाचं तिकीट लागत नाही.

तारखेचंही पाहा. मेळावा दिवाळीच्या सुट्टीत ठेवतात, कारण पुण्या-मुंबईचे लोक घरी आलेले असतात. पण तेव्हा कॉलेज बंद असतं. जुने जुन्यांना भेटतात, जेवतात, जातात. आत्ताच्या मुलांशी गाठच पडत नाही, मग ‘त्यांना आमच्यात रस नाही’ असं वाटणारच. २६ जानेवारी घ्या. मुलं झेंडावंदनाला आलेली असतात आणि जुन्यांना सुट्टी असते. झेंडावंदनानंतर अर्धा तास चहा, मग विषयवार वर्गखोल्या, प्रत्येक खोलीत चार माजी विद्यार्थी आणि पंचवीस-तीस मुलं, पाऊण तास. सत्कार करायचेच तर तीनच करा. एका शाल-श्रीफळाला तीन मिनिटं जातात, दहा झाले की अर्धा तास गेला आणि मुलं उठली. निवृत्त शिक्षकांना घरून आणायला गाडी पाठवा, नुसती पत्रिका पाठवू नका. जुनी मुलं पुष्कळदा त्यांच्यासाठीच येतात.

येत्या २६ जानेवारीचा विचार असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्यांना रजिस्टर पाहण्याची लेखी परवानगी मागा. एनएसएसची चार मुलं आणि तुमच्या बॅचचे दोघे, एवढ्यांनी रोज दोन तास बसून गेल्या पंधरा वर्षांचे फक्त वार्षिकांक आधी उतरवून काढा. दिवाळीपर्यंत बॅचचे प्रतिनिधी ठरवा, कारण त्या आठवड्यात बाहेरगावचे लोक गावात सापडतात आणि नंबर पडताळून घेता येतात. फॉर्मचा कच्चा मसुदा झाला की इथेच खाली टाका, रकाने तपासून देतो.