समुद्र अनियमित

‘लोक चांगले. न्याहारी चांगली. समुद्र अनियमित.’ आणि त्याखाली पाचपैकी दोन चांदण्या. आमच्याकडे राहून गेलेल्या एका पाहुण्यांचा हा अभिप्राय.

सोमवारपासून मी हे रोज एकदा तरी काढून वाचते. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं. पहिल्या दोन वाक्यांचं मला काही कौतुक नाही. लोक चांगले म्हणजे आम्ही दोघं, ते मला आधीपासून माहीत होतं. न्याहारीला तांदळाची घावनं होती, ओल्या नारळाची चटणी होती, आणि शेजारच्या आंटीने पाठवलेले गरम फुगे होते (ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचे, खायचे, वाढदिवसाला भिंतीवर लावायचे नव्हेत). घावनं त्यांनी सात खाल्ली. मी मोजत नव्हते, पण वाढणाऱ्या बाईला आकडा कळतोच. तर तेही असो. पण ‘समुद्र अनियमित’?

मनोरीला सासऱ्यांची वाडी. आम्ही दोघं रिटायर झालो, बोरिवलीचा फ्लॅट मुलाला दिला आणि इथल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो. सरकारी भाषेत याला ‘निवास व न्याहारी’ म्हणतात. केंद्र सरकारच्या योजनेत सहा खोल्या आणि बारा खाटांपर्यंत मुभा आहे, आणि अट अशी की मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं. थोडक्यात, मालकाला पळून जायची सोय सरकारने मुद्दाम ठेवलेली नाही.

मनोरी ही मुंबईच. महानगरपालिका तीच, पिनकोडही चार लाखांतलाच. पण मालाडहून २७२ नंबरच्या बसने मार्व्याला या, तिथून बोटीत बसा, शेजारी कोणाची तरी स्कूटर, स्कूटरवर कोणाची तरी कोंबडी, आणि दहा-पंधरा मिनिटांत खाडीपलीकडे उतरा, की माणसाला वाटतं आपण परदेशी आलो. आम्हीसुद्धा ‘जरा मुंबईला जाऊन येते’ असंच म्हणतो. बोट नको असेल तर भाईंदर-उत्तनवरून रस्ता आहे, पण त्या वाटेने येणारा पाहुणा इतका चिडून येतो की त्याला आधी कोकम सरबत द्यावं लागतं आणि नाव मागाहून विचारावं लागतं.

मागच्या शनिवारी आलेले गृहस्थ त्याच वाटेने आले. मुलुंडचे. वय सत्तरीच्या आसपास, गळ्यात दुर्बीण, हातात फोल्डिंगची खुर्ची. बरोबर बायको, जी दोन दिवसांत एकूण चार वाक्यं बोलली, त्यातली दोन चहाबद्दल. गाडीतून उतरता उतरताच त्यांनी सांगितलं, ‘‘वहिनी, मी आमच्या सोसायटीचा बावीस वर्षं सेक्रेटरी आहे.’’ हे ते माहिती म्हणून सांगत होते असं मला तेव्हा वाटलं. ती सूचना होती.

दुपारचे चार वाजले होते. त्यांनी सरबत घेतलं, खोलीतल्या नळांची तोंडं मोजली, पंख्याचं रेग्युलेटर पाचही आकड्यांवर फिरवून पाहिलं आणि जरा पडले. उठले ते सव्वासहाला, सूर्यास्त बघायला. आमच्या वाडीच्या मागच्या पायऱ्या उतरलं की समोर वाळूच. पाच मिनिटांत ते परत आले.

‘‘वहिनी, समुद्र कुठाय?’’

‘‘समोर.’’

‘‘समोर वाळू आहे. वाळूच्या पलीकडे चिखल आहे. चिखलाच्या पलीकडे काहीतरी चमकतंय, तो समुद्र म्हणायचा का?’’

‘‘ओहोटी आहे भाऊ. येईल परत.’’

‘‘किती वाजता?’’

आता इथे मला आमच्या ह्यांना हाक मारायची काही गरज नव्हती. पण मी मारली, ती माझी चूक. हे पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर होते आणि मनोरीला आल्यापासून त्यांना एक नवीन हिशेब सापडला आहे. कोळीवाड्यात सगळ्यांना येतो तो: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती, आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकायचं. हे त्यांनी लुंगी सावरत, बोटांवर मोजत, अतिशय आनंदाने समजावून सांगितलं. ‘‘आज वद्य प्रतिपदा. पाऊण वाजता दुपारी भरती झाली. आता पावणेसातला पूर्ण ओहोटी. मग रात्री एकच्या सुमारास भरती. उद्या द्वितीया, सकाळी साडेसातला पुन्हा ओहोटी.’’

सेक्रेटरीसाहेबांनी हे सगळं खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. मग वर बघून विचारलं, ‘‘म्हणजे मी इथे असताना समुद्र असणार नाही?’’

‘‘असेल की. रात्री एकला.’’

‘‘रात्री एकला मी झोपलेला असतो.’’

‘‘उद्या दुपारी दीडला पण आहे,’’ हे म्हणाले.

‘‘चेक-आऊट दहाला आहे.’’

थोडा वेळ कोणी बोललं नाही. माडावर एक कोतवाल पक्षी ओरडत होता, तोही थांबला. मला मनातून त्यांची कीव आली हे कबूल करते. एवढ्या लांबून यायचं, भाईंदरचा उड्डाणपूल सोसायचा, आणि आपल्या मुक्कामाच्या नेमक्या अठरा तासांत समुद्राने दोनदा पाठ फिरवायची. कीव मी चहात आलं जास्त घालून व्यक्त केली. तिथेच हे संपायला हवं होतं.

चहा पिऊन ते म्हणाले, ‘‘पावसाळ्यात पेपरात यादी येते बघा. महापालिका देते. अमुक तारखेला अमुक वाजता भरती, साडेचार मीटरच्या वर लाटा.’’

‘‘येते की.’’

‘‘म्हणजे वेळापत्रक आहे.’’

‘‘आहे.’’

‘‘मग वेळापत्रक कोणीतरी ठरवत असणार.’’

‘‘चंद्र ठरवतो,’’ मी म्हटलं.

‘‘ते शास्त्रीय कारण झालं, वहिनी. मी प्रशासकीय विचारतोय. समुद्र कोणाच्या अखत्यारीत येतो?’’

बावीस वर्षं माणूस पाण्याच्या टाकीची चावी ज्याच्या हातात आहे त्याच्याशी भांडत आला, की त्याला जगातलं सगळं पाणी कोणीतरी वरून सोडतंय असंच वाटणार. त्यांच्या सोसायटीत पाणी सकाळी सहा ते आठ येतं, हे त्यांनी सांगितलं. सांगताना आवाजात अभिमान होता. पाणी वेळेवर येतं हा त्यांचा आयुष्यभराचा विजय, आणि इथे अख्खा अरबी समुद्र बेशिस्त निघाला.

एवढ्यात आंटी कुंपणापाशी आली. सुकत घातलेले बोंबील काढायची वेळ झाली होती. तिने सगळं ऐकलेलं होतं, कारण आमच्याकडे कुंपण नुसतं हद्दीपुरतं आहे, आवाजाला नाही. ती सेक्रेटरीसाहेबांकडे नीट बघून म्हणाली, ‘‘दर्याला तुमी आलाव ते कोनी सांगितलं नाय वाटतं.’’ आणि टोपली उचलून निघून गेली. त्यानंतर साहेबांनी बोंबलाच्या वासाची तक्रार केली. आधी नव्हती.

या वासाचं एकदा बोलून घेते. गाव हवं म्हणून लोक येतात. शांतता हवी, झाडं हवीत, पायी हिंडायला पायवाट हवी, ‘ऑथेंटिक’ हवं. आणि मग पहाटे कोंबडा आरवला की ‘याला काही करता येईल का’ म्हणून विचारतात. एका बाईंनी मला विचारलं होतं की मोगरा रात्री जरा कमी वास देईल का, त्यांना डोकेदुखी होते. मी काय मोगऱ्याचं रेग्युलेटर फिरवू? आमचे हे सकाळी पाहुण्यांना वाडी दाखवतात: चिकू, शेवगा, केळी, अनंत, विहिरीकाठची अळवं, मग मागच्या वाटेने किनाऱ्यावर. अर्धा तासाची फेरी. तिच्यात निम्मे लोक फोनवर बोलत चालतात आणि उरलेले विचारतात, इथे जागेचा भाव काय चाललाय.

असो. शनिवारची रात्र. साहेबांनी झोपताना दाराच्या कडीला वहीचा कागद अडकवला: ‘कृपया उठवू नये’. खाली सही आणि तारीख.

मला रात्री पाऊण वाजता जाग आली. आमच्याकडे भरती आधी ऐकू येते, मग दिसते. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. चांदणं असं की विहिरीच्या रहाटाची सावली पडली होती. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलेलं. जो चिखल संध्याकाळी दिसत होता त्यावर माणूसभर समुद्र उभा होता. मी आत बघितलं. कडीला कागद लटकत होता. आतून साहेबांचं घोरणं येत होतं, तेही लाटांसारखं, पण नियमित.

उठवता आलं असतं. दार वाजवून ‘भाऊ, आलाय बघा’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या बायकोला तर मी नक्कीच हाक मारायला हवी होती, बिचारी चार वाक्यांची बाई. पण त्या कागदावर सही होती, तारीख होती, आणि बोंबलाच्या वासाचा राग माझ्या नाकात होता. मी एकटीने अर्धा तास समुद्र बघितला आणि जाऊन झोपले. याचं मला वाईट वाटतं. सात घावनांनंतर थोडं कमी वाटतं.

सकाळी साडेसातला ते खुर्ची घेऊन पायऱ्या उतरले. खुर्ची वाळूत उघडली, बसले आणि समुद्र नाही तिकडे दुर्बिणीतून बघत राहिले. दहा मिनिटांनी मला बोलावलं. आता मी वहिनी नव्हते.

‘‘मॅडम, किनाऱ्यावर कचरा आहे.’’

होता. ओहोटी झाली की समुद्राला मुंबईने काय काय खाऊ घातलंय ते सगळं दिसतं. चपला, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, एकदा तर आख्खं हेल्मेट. मी रोज सकाळी आमच्या पायऱ्यांपुरता उचलते, एक गोणी भरते. समुद्र रात्री दुसरी गोणी आणून टाकतो. यात मनोरीचा कचरा किती आणि खाडीपलीकडचा किती, याची वाटणी कोणी केलेली नाही, पण या वाटणीत मुलुंडचंही काहीतरी असणार असा माझा वैयक्तिक संशय आहे. साहेबांच्या खुर्चीखाली बिस्किटाच्या पुड्याचा ताजा कागद होता, कोरडा. तो समुद्राने आणलेला नव्हता. मी तो त्यांच्यासमोर वाकून उचलला. माझे गुडघे वाजले, ते त्यांनी ऐकलं असावं. कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘जाहिरातीतल्या फोटोत पाणी पायरीला लागलेलं आहे. हा फोटो कधीचा?’’

फोटो भाच्याने काढला होता. अर्थात भरतीला. लग्नाचा फोटो कोणी नवरी झोपलेली असताना काढतं का?

दहाला निघताना हिशेब झाला. तेव्हाही पाणी अर्ध्या वाटेवर घुटमळत होतं. साहेबांनी डायरी उघडून आवाज न चढवता मुद्दे वाचले. एक, समुद्र जाहिरातीप्रमाणे उपलब्ध नव्हता. दोन, उपलब्धतेची वेळ ग्राहकाच्या झोपेच्या वेळेत ठेवण्यात आली. ‘ठेवण्यात आली’! मी काही बोलायच्या आत आमचे हे, पस्तीस वर्षं एका रुपयाचा फरक लागला तर घरी न येणारे हे, म्हणाले, ‘‘बरोबर आहे तुमचं. पाचशे कमी द्या.’’

पाचशे रुपये. समुद्राचे.

साहेबांनी लगेच नोटा मोजल्या, पावती मागितली, आणि पावतीवर सूट कशाची ते लिहून मागितलं. ह्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘समुद्र – वजा ५००’. गाडीत बसताना त्यांच्या बायकोने आपलं चौथं वाक्य उच्चारलं. ‘‘रात्री गाज छान येत होती हो,’’ ती मला म्हणाली, हळूच. म्हणजे जागी होती ती. मला पाचशे रुपयांपेक्षा हे जास्त लागलं.

आणि मग सोमवारी त्या दोन चांदण्या. सूट घेऊन वर चांदण्याही कापल्या. मी ह्यांना म्हटलं, एका गुन्ह्याला दोन शिक्षा कुठल्या बँकेत देतात? हे म्हणाले, तू त्यांना उत्तर लिही. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ‘समुद्र नियमितच आहे, आपणच...’ इथवर आलं की पुढे सभ्य शब्द सुचत नाही. तीन दिवस झाले. दरम्यान ह्यांनी दोन्ही खोल्यांत भरती-ओहोटीचा तक्ता लावला आहे, तिथीसकट, लाल-निळ्या शाईत.

येत्या शनिवारी अष्टमी. संध्याकाळी सहाला भरती, सूर्यास्ताच्या मुहूर्तावर, आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास पुन्हा, चहाच्या वेळेला. माणसाने अर्ज करून मागितला तरी असा शनिवार मिळत नाही. पार्ल्याचं एक जोडपं येणार आहे. काल रात्री फोन आला. मी मोठ्या उत्साहाने भरतीच्या वेळा सांगितल्या. पलीकडून मुलगी म्हणाली, ‘‘हो का काकू, छान. पण आम्हाला समुद्रापासून लांबची खोली मिळेल का? आवाजाने ह्याला झोप येत नाही.’’

आहे ना, म्हटलं. तिचे पाचशे जास्त पडतील.